रानहंसांचे सरोवर

चीनच्या आग्नेय भागात झेजियांग नावाचा प्रांत आहे. या प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यापासून जवळच यानदांग ही डोंगरांची रांग पसरली आहे. तेथील काही कडे सरळ भिंतीसारखे उभे आहेत, तर एका ठिकाणी दोन सुळके नमस्कारासाठी जोडलेल्या तळव्यांसारखे एकमेकांना टेकले आहेत. दालोंगच्यू नावाचा एक धबधबा तेथे सुमारे १९० मीटर उंचीवरून कोसळतो. 'यान' म्हणजे रानहंस आणि 'दांग' म्हणजे लव्हाळ्यांनी भरलेले पाणथळ. डोंगराच्या माथ्यावर एक सरोवर आहे, शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले रानहंस तेथे उतरतात आणि त्याच सरोवराचे पाणी दालोंगच्यूच्या रूपाने खाली येते, असे जुन्या ग्रंथांत लिहिलेले होते. माथ्यावर जाऊन ते सरोवर पाहण्याची तसदी मात्र फारच थोड्यांनी घेतली होती. एका ग्रंथकाराने लिहावे आणि दुसऱ्याने त्यावरून उतरून घ्यावे, असा क्रम शतकानुशतके चालला होता. तो क्रम मोडणाऱ्या पुरुषाचे नाव शू शियाख.

शू हे त्याचे आडनाव. चिनी लोकांत आडनाव आधी व नाव मागून लिहितात. त्याचे पाळण्यातले नाव होंगझू असे होते. 'शियाख' हे नाव त्याला पुढे एका विद्वान मित्राने दिले. उगवतीच्या व मावळतीच्या रंगीत मेघांचा पाहुणा असा त्याचा अर्थ आहे आणि जगाने त्याला त्याच नावाने ओळखले.

शियाखचा जन्म इ. स. १५८७ च्या जानेवारीत, यांगत्से नदीच्या मुखाकडील ज्यांगयिन या गावाजवळ झाला. त्या वेळी चीनवर मिंग घराण्याचे राज्य होते. सरकारी परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अधिकारपद मिळवावे आणि कुळाचे नाव उजळावे, हाच सुखवस्तू घरातील मुलांचा ठरलेला मार्ग असे. शूंच्या घराण्यात मात्र या परीक्षांविषयी एक जुनी सल होती. शियाखच्या खापरपणजोबावर १४९९ साली राजधानीतील परीक्षेत गैरप्रकाराचा ठपका आला होता आणि त्याला अधिकारपदाची दारे कायमची बंद झाली होती. शियाखचा पिताही अधिकाऱ्यांच्या बैठकीपेक्षा बागेत व डोंगरदऱ्यांत रमणारा होता. मुलाने लहान वयात एक परीक्षा दिली. तिच्यात त्याला यश आले नाही आणि बापाने त्याबद्दल त्याला बोल लावला नाही.

अभ्यासाची पोथी समोर उघडी ठेवून तिच्याखाली देशोदेशींची वर्णने व प्रवासकथा लपवून वाचायच्या, ही या मुलाची सवय होती. वाचता वाचता त्याला एक गोष्ट खटकू लागली. एकाच पर्वताविषयी दोन ग्रंथ दोन गोष्टी सांगत. नदीचा उगम एका पुस्तकात एकीकडे, तर दुसऱ्यात भलतीकडेच. मग खरे कोणते मानावे? त्या डोंगरावर स्वतः जावे, यावाचून त्याला दुसरा उपाय सुचेना.

इ. स. १६०४ मध्ये दरोडेखोरांच्या हल्ल्यानंतर पित्याचा मृत्यू झाला. शियाख तेव्हा सतरा वर्षांचा होता. आईबाप हयात असताना पुत्राने दूरदेशी जाऊ नये, ही चीनमधील फार जुनी शिकवण. माता एकटी राहील म्हणून त्याने प्रवासाचा विचार मनातच दडपून ठेवला. तो विचार ओळखला त्याच्या मातेनेच. खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्यासारखे आयुष्य काढण्यासाठी पुरुषाचा जन्म नसतो, असे तिने त्याला सांगितले आणि प्रवासात घालण्यासाठी एक खास टोपी तयार करून त्याच्या हाती दिली. १६०७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तीच टोपी घालून तो पहिल्या प्रवासाला निघाला.

या माउलीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ती उत्तम विणकर होती. अंगणात वालाच्या वेलाचा मांडव घातलेला असे. त्याच्या सावलीत माग मांडून ती पहाटेपासून कापड विणी. तलम म्हणून ते कापड बाजारात नावाजलेले होते. शियाख प्रवासाहून परतला की घरची माणसे भोवती जमत. कड्यावरून लोंबकळल्याच्या, वाघांच्या रानातून गेल्याच्या हकीकती ऐकून नातेवाइकांच्या अंगाला घाम सुटे; माता मात्र अशा गोष्टींनी अधिकच प्रसन्न होई. मुलगा सुखरूप समोर बसलेला आहे, एवढे तिला पुरेसे होते असे दिसते.

इ. स. १६१३ च्या १९ मे रोजी शियाख झेजियांगमधील निंगहाय गावाच्या वेशीबाहेर पडला. त्याच्या जपून राहिलेल्या दैनंदिनीचे पहिले पान त्याच दिवसाचे आहे. आभाळ नुकतेच मोकळे झाले होते. डोंगर कोवळ्या उन्हात उजळले होते. पुढच्या वाटेवर वाघांनी महिन्याभरात कित्येक माणसे मारल्याची वार्ता आली, तेव्हा त्या दिवशी त्याला वाटेतच मुक्काम करावा लागला. तेथून तो तियानताय पर्वतावर गेला. तेथे दोन कड्यांना जोडणारा एक नैसर्गिक दगडी पूल आहे आणि त्याच्या खालून पाण्याचा प्रचंड लोट दरीत उडी घेतो. पुलाची रुंदी जेमतेम वीतभर ते हातभर. शियाख त्याच्यावरून चालत गेला. खाली डोह पाहून अंगावर काटा आला, हे त्याने लपवून ठेवलेले नाही. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक मोठा खडक आडवा आल्यामुळे त्याला त्याच पुलावरून परत फिरावे लागले.

मे महिन्याच्या अखेरीस तो यानदांगला पोहोचला. धबधबे पाहून झाले, सुळके पाहून झाले. पण त्याचे चित्त लागले होते माथ्यावरच्या सरोवराकडे. डोंगरातील एका लहानशा मठात राहणारा वृद्ध भिक्षू वाट जाणत होता, परंतु तो आजारी पडून होता. त्याच्या शिष्याने धारेपर्यंत सोबत केली, पश्चिमेकडे बोट दाखवून आणखी काही शिखरे ओलांडली की सरोवर लागेल असे सांगितले आणि तो मागे फिरला. शियाख व त्याचे दोन नोकर पुढे निघाले. पुरुषभर उंचीच्या गवतातून त्यांनी एक शिखर ओलांडले, मग दुसरे ओलांडले. पुढे वाट पुसट होत नाहीशी झाली. धार इतकी अरुंद झाली की दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आणि मध्ये सुरीच्या पात्यासारखा खडक, अशी स्थिती आली.

मागे फिरावे, तर ती सुरीधार पुन्हा ओलांडणे आले. दक्षिणेकडच्या कड्याखाली एक पायरीसारखी जागा दिसत होती. तेथून खाली वाट असेल, या आशेने शियाखने नोकरांच्या पायांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या सोडवून घेतल्या. चार पट्ट्यांना गाठी मारून दोर केला, तो कड्यावरून सोडला आणि आधी एक नोकर व मागोमाग तो स्वतः असे खाली उतरले. खाली येऊन पाहतात तो फक्त पाय ठेवण्यापुरतीच जागा! तिच्याखाली तळ न दिसणारी दरी होती. आता वर चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. शियाख चढू लागला आणि खडकाच्या धारेवर घासून पट्टी तुटली. तुटलेली टोके पुन्हा जोडून, हिसका देऊन पाहून, कड्याला अंग चिकटवून तो कसाबसा वर आला. सूर्यास्ताच्या सुमारास मठात परतला, तेव्हा त्याच्या अंगावरचे कपडे व पायांतले जोडे फाटून गेले होते. सरोवराचा शोध तेथेच थांबला. ही सारी फजिती त्याने दैनंदिनीत जशी घडली तशी लिहून ठेवली.

पुढच्या काही वर्षांत त्याने आग्नेय चीनमधील किती तरी पर्वत पालथे घातले. फुजियान प्रांतातील वुयी पर्वतात नऊ वळणे घेत जाणाऱ्या ओढ्यातून नावेने जाताना, उंच कड्यांच्या कपारींत ठेवलेल्या नावेच्या आकाराच्या प्राचीन शवपेट्या त्याने पाहिल्या. हुआंगशान पर्वतावर तो दोनदा गेला. तेथील सर्वांत उंच शिखर कोणते, याविषयी लोकांचा समज निराळा होता. कमलशिखर हे इतर सर्वांहून उंच आहे, असे शियाखने दोन्ही शिखरे चढून लिहिले आणि आजच्या मोजणीनेही ते खरे ठरले आहे. एवढे हिंडूनही तो मातेपासून फार दिवस दूर राहत नसे. निघताना सांगितलेल्या मुदतीत परत यायचे, असा त्याचा नेम होता. १६२४ साली, ऐंशीच्या घरात पोहोचलेली माता स्वतः त्याच्याबरोबर जवळच्या डोंगरांवर गेली. आपल्या वयाची त्याने काळजी करू नये आणि मनाजोगते हिंडावे, म्हणून ती मुद्दाम त्याच्या पुढे चालत होती. दुसऱ्याच वर्षी तिने देह ठेवला. प्रथेप्रमाणे शियाखने तीन वर्षे सुतक पाळले आणि त्या काळात तो कोठेही गेला नाही.

१६२८ साली तो पुन्हा फुजियानच्या वाटेला लागला. या प्रांतात डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेले आहेत आणि प्रवास नद्यांतूनच करावा लागे. खडकांच्या दोन रांगांमध्ये नाव जेमतेम मावेल एवढीच फट असे. तेथे नाव पुरुषभर उंचीवरून खाली आदळे. इतर उतारू अशा वेळी डोळे मिटून देवाचे नाव घेत असतील. शियाख मात्र १६३० सालच्या प्रवासात विचार करीत होता, तो पाण्याच्या वेगाचा. त्याने दोन नद्यांची तुलना केली. दोघींचे उगम ज्या डोंगरांत आहेत त्यांची उंची जवळजवळ सारखी. एक नदी आठशेहून अधिक ली अंतर वाहून समुद्राला मिळते, दुसरी तीनशेहून थोड्या अधिक ली अंतरातच मिळते. ली हे अंतर सुमारे अर्ध्या किलोमीटरचे. सारख्याच उंचीवरून उतरायचे, पण वाट आखूड. म्हणून दुसऱ्या नदीचा ओघ अधिक वेगवान, असे अनुमान त्याने काढले. त्याच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. दोन्ही नद्यांच्या काठांनी व पाण्यातून केलेला प्रवास, एवढेच त्याचे साधन.

१६३२ साली तो तियानताय व यानदांगच्या बाजूला पुन्हा आला होता. तेथे चेन हानह्वी नावाच्या मित्राच्या घरी गप्पा चालल्या असता मित्राने त्याला सहज विचारले, की यानदांगच्या अगदी माथ्यावर तू कधी गेला आहेस काय? शियाखने मोघम होकारासारखे काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मित्र उठून पाहतो तो पाहुण्याचे अंथरूण रिकामे! कोणाला न सांगता तो निघून गेला होता. दहा दिवसांनी तो परत आला, तेव्हा एकोणीस वर्षांपूर्वी अपुरे राहिलेले काम पुरे करून आला होता.

आडवाटेने, वेलींना धरून तो माथ्यावर चढला होता. तेथे वारा इतका जोराचा होता की उभे राहणे कठीण जावे. हरणांचे कळप निर्धास्त फिरत होते. आणि ते सरोवर? तेथे अथांग पाण्याचा जलाशय नव्हता. डोंगराच्या धारेवर ओळीने काही खळगे होते. त्यांत पाणथळ जमीन व दाट गवत माजलेले होते. शियाख तेवढ्यावर परत फिरला नाही. त्या खळग्यांतील पाणी कोणकोणत्या उतारांनी कोठे जाते, हे त्याने ओहोळांमागून हिंडून पाहिले. दालोंगच्यू धबधब्याचे पाणी दुसऱ्याच शिखराकडून येते, त्याचा या सरोवराशी काडीचाही संबंध नाही, हे त्याला स्पष्ट दिसले. ग्रंथांतून शतकानुशतके उतरत आलेली एक चूक अशी दहा दिवसांच्या पायपिटीने दूर झाली.

चार वर्षांनी, १६३६ च्या ऑक्टोबरात, शियाख आपल्या शेवटच्या व सर्वांत मोठ्या प्रवासाला निघाला. वयाची पन्नाशी आता जवळ आली होती. बरोबर जिंगवेन नावाचा बौद्ध भिक्षू आणि नोकर होते. निरोपाची मेजवानी आटोपून मध्यरात्री त्यांनी नाव सोडली. सुचौ व हांगचौ ही मोठी, गजबजलेली शहरे मागे टाकून ते जिनहुआच्या डोंगरांत आले. तेथील एका गुहेच्या आतल्या दालनात जायचे तर मधला खडक पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत खाली आलेला. गुहेजवळ राहणाऱ्या एका म्हातारीकडून शियाखने आंघोळीचे घंगाळ मागून घेतले. म्हातारीने घंगाळ दिले आणि वर चहा-फराळही दिला. शियाखने कपडे त्या घंगाळात ठेवले, आपण उघड्या अंगाने पाण्यात आडवा झाला आणि घंगाळ पुढे ढकलीत खडकाखालून आत शिरला. प्रौढ वयाच्या विद्वान गृहस्थाचे हे कृत्य पाहून त्या म्हातारीला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु हा प्रवास पुढे फार कठीण झाला. १६३७ च्या आरंभी श्यांग नदीवर रात्री दरोडेखोरांनी त्यांच्या नावेवर हल्ला केला. शियाखने पाण्यात उडी घेतली म्हणून तो वाचला. जिंगवेन मात्र धर्मग्रंथ व मित्राचे सामान वाचविण्यासाठी नावेजवळच राहिला आणि जखमी झाला. त्याच्या जवळ 'सद्धर्मपुंडरीक' या बौद्ध ग्रंथाची प्रत होती. ती त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली होती. दूर नैर्ऋत्येला युनान प्रांतात जीझू नावाचा पर्वत आहे. जीझू म्हणजे कोंबड्याचा पाय. आपल्या मगध देशातील कुक्कुटपाद पर्वताचे नाव बौद्धांनी त्याला दिले. तेथील देवळात तो ग्रंथ ठेवावा, एवढीच जिंगवेनची इच्छा होती. ती पुरी होण्यापूर्वीच, त्याच वर्षी नानिंग येथे तो आजाराने मरण पावला. शियाख त्या वेळी जवळ नव्हता. परत आल्यावर त्याने मित्राच्या अस्थी गोळा केल्या, त्या व तो ग्रंथ सामानात बांधून घेतला आणि वर्षाहून अधिक काळ डोंगरवाटा तुडवीत १६३९ च्या जानेवारीत जीझू पर्वत गाठला. तेथे मित्राच्या अस्थींना मूठमाती मिळाली.

युनानमध्ये हिंडल्यावर त्याने आणखी एका जुन्या ग्रंथवचनाला धक्का दिला. यांगत्से नदी मिन पर्वतात उगम पावते, असे एका अतिप्राचीन व पूज्य ग्रंथात म्हटले होते. जिनशा ही नदीच यांगत्सेचा खरा मूळ प्रवाह आहे, असे शियाखने ठामपणे मांडले. आज भूगोलाच्या पुस्तकांत तेच शिकवले जाते. पण ज्या पायांवर त्याची सारी विद्या उभी होती, ते पायच आता निकामी झाले. शेवटचा नोकरही पैसे घेऊन पळून गेला होता. लीजियांगच्या मू जेंग नावाच्या सरदाराने त्याला पालखीतून पाठविण्याची व्यवस्था केली. पाच महिने पालखीत, मग नावेत, असा तो १६४० साली घरी पोहोचला.

अंथरुणाशेजारी त्याने प्रवासातून आणलेले दगड मांडून घेतले होते. ते हातात घेऊन तो तासन् तास न्याहाळीत बसे. दूरच्या देशी गेलेल्या जुन्या प्रवाशांची, त्यांत आपल्याकडे येऊन गेलेल्या ह्युएन त्संगाचीही, त्याला आठवण येई. त्या सर्वांच्या पाठीशी राजाज्ञा होती, आपण मात्र साधा माणूस असून काठी व गवती चपला एवढ्यावर फिरलो, याचे त्याला समाधान वाटे. ह्युएन त्संग खरे पाहता राजाची बंदी मोडूनच निघाला होता, पण आजाऱ्याच्या समाधानात एवढी चूक खपून जावी. ८ मार्च १६४१ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, शियाखचे निधन झाले.

प्रवासात रोज रात्री, कधी पडक्या भिंतीच्या आडोशाला तर कधी पेटत्या काटक्यांच्या उजेडात, तो त्या दिवसाची हकीकत लिहीत असे. त्या पानांचा ढीग एका मित्राने लावून ठेवला. मात्र १६४५ साली मांचू सैन्याने ज्यांगयिनला वेढा घातला. एक्याऐंशी दिवस झुंजून नगर पडले आणि भयंकर कत्तल झाली. शियाखचा थोरला मुलगा त्या धामधुमीत मारला गेला व हस्तलिखिते विखुरली. शियाखचा आणखी एक मुलगा होता. त्याच्या मातेला घरातील कलहामुळे बाहेर पडावे लागले होते. तो ली आडनावाच्या कुटुंबात वाढला आणि ली जी या नावाने ओळखला गेला. पित्याच्या घराचे सुख त्याला कधी मिळाले नाही. पण गावोगाव फिरून पित्याच्या लेखनाच्या नकला शोधणारा आणि ताडून पाहून त्या जुळविणारा तोच. पुढे १७७६ साली शू घराण्यातील एका वंशजाने तो ग्रंथ छापला. कितीतरी पाने कायमची गेली, तरी सहा लाखांहून अधिक चिनी अक्षरे आज शिल्लक आहेत. त्यांत यानदांगची दोन्ही वर्णने आहेत: १६१३ सालचे, फाटक्या जोड्यांनी परत फिरल्याचे, आणि १६३२ सालचे, माथ्यावरच्या गवताळ खळग्यांचे.